वजन धुळीचे, विष धुराचे

२०२५ मध्ये हवेविषयी दोन महत्त्वाचे निर्णय झाले. पहिला जानेवारीत. मुंबईच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेऊन सुरू केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या व तंदूरभट्ट्यांना गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. दुसरा निर्णय जुलैतला. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने अधिसूचना काढून देशातील कोळशावर चालणाऱ्या सुमारे ७८ टक्के वीजसंचांना चिमणीतून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून मोकळे केले. ‘फ्लू गॅस डिसल्फरायझेशन’ असे या यंत्रणेचे नाव. बोलण्यात आणि बातम्यांत ती ‘एफजीडी’ म्हणून ओळखली जाते.

पावाची भट्टी आणि वीज केंद्राची चिमणी यांचा एकमेकांशी संबंध नाही, असे वरकरणी वाटेल. पण दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच वैज्ञानिक प्रश्न आहे. हवेतला प्रत्येक कण सारखाच घातक असतो का? मातीचा एक मायक्रोग्रॅम, काजळीचा एक मायक्रोग्रॅम आणि मिठाचा एक मायक्रोग्रॅम शरीरात गेल्यावर सारखाच अपाय करतात का? गेल्या तीन दशकांतल्या संशोधनाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आपली मानके, आपला निर्देशांक आणि प्रदूषण नियंत्रणाचा आपला खर्च मात्र अजून मुख्यतः वजनावर चालतो.

तराजू काय सांगतो

हवेची गुणवत्ता मोजताना कणांचा विचार आकारावरून होतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या कणांची कल्पना यावी. एक घनमीटर हवेत अशा कणांचे वजन किती भरते, ते मायक्रोग्रॅममध्ये सांगितले जाते. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० आणि वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ अशी सुचवली.

मोबाइलवर दिसणारा एक्यूआय म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक याच वजनांवरून काढला जातो. २०१५ पासून वापरात असलेल्या या भारतीय निर्देशांकात आठ प्रदूषके आहेत. त्यांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वाधिक, तोच आकडा त्या दिवसाचा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. आपल्या शहरांत बहुतेक दिवस हा मान पीएम २.५ किंवा पीएम १० कडे असतो. म्हणजे आपण रोज पाहतो तो आकडा बहुधा वजनाचा आकडा असतो.

या वजनात काय काय येते? वाऱ्याने उडालेली माती, बांधकामाचे सिमेंट, टायर आणि ब्रेक यांची झीज, डिझेलची काजळी, कचरा जाळल्याचा धूर, चुलीचा धूर, कोळशाची राख. मुंबई, रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत समुद्राच्या फेसातून उडालेले मीठही असते. शिवाय मुळात वायू असलेल्या सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अमोनिया यांच्या हवेतल्या अभिक्रियांतून तयार झालेले सल्फेट व नायट्रेटचे कण असतात. त्यांना ‘दुय्यम कण’ म्हणतात. तराजूला यांतला फरक कळत नाही.

आणखी एक अडचण भूमितीची आहे. गोल कणाचे वजन त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. घनता सारखी धरली तर १० मायक्रॉनचा एक कण ०.१ मायक्रॉनच्या दहा लाख कणांइतका भरतो. १० मायक्रॉनचे बहुतेक कण नाकात आणि घशात अडकतात. ०.१ मायक्रॉनचे कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. वजनात मात्र या अतिसूक्ष्म कणांची जेमतेम नोंद होते.

संपाने दाखवलेला फरक

वजन सारखे असूनही कणांचा अपाय वेगळा असतो, याचा फार जुना आणि फार बोलका पुरावा अमेरिकेतल्या युटा राज्यातला आहे. डोंगरांनी वेढलेल्या युटा खोऱ्यात जिनिव्हा हा मोठा पोलाद कारखाना होता. कामगारांशी झालेल्या वादातून तो ऑगस्ट १९८६ मध्ये बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधला एक हिवाळा खोऱ्याने कारखान्याच्या धुराविना काढला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आर्डेन पोप यांनी त्या काळातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा आणि श्वासनलिकेच्या दाहाने दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद काळातल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. हे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कारखाना बंद असताना हवेतले कणही घटले होते. त्यामुळे ‘कण कमी, म्हणून आजार कमी’ असे कोणी म्हणू शकले असते. पण हवा मोजणाऱ्या यंत्रांतले जुने फिल्टर जपून ठेवलेले होते. काही वर्षांनी संशोधकांनी तिन्ही काळांतल्या फिल्टरवरचे कण बाहेर काढले: कारखाना बंद पडण्यापूर्वीचे, बंद असतानाचे आणि पुन्हा सुरू झाल्यानंतरचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या अँड्र्यू घियो आणि रॉबर्ट डेव्हलिन यांनी त्यांचा सारख्या वजनाचा अर्क निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसाच्या छोट्या भागात सोडला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कारखाना चालू असतानाच्या कणांनी स्पष्ट दाह निर्माण केला. बंद काळातल्या कणांनी तसा दाह केला नाही. पेशींवर आणि उंदरांवर झालेल्या प्रयोगांचा कलही हाच होता. चालू काळातल्या कणांत लोह, तांबे, जस्त अशा धातूंचे प्रमाण जास्त होते.

इथे वजन सारखे होते. फरक होता तो त्या वजनात काय आहे याचा.

फुप्फुसात काय घडते

कापलेले सफरचंद थोड्या वेळाने तपकिरी पडते. फोडीला लिंबू चोळले तर ते लांबते, कारण लिंबातले क जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण रोखते. फुप्फुसाच्या आतल्या पृष्ठभागावरही द्रवाचा असाच एक पातळ संरक्षक थर असतो. त्यात क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, युरिक आम्ल अशी ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्ये असतात. श्वासातून आलेला कण प्रथम या थरावर पडतो.

मिठाचा कण त्यात विरघळून जातो. साध्या मातीचा कण बराच काळ निष्क्रिय राहतो. तांबे, लोह यांसारख्या धातूंचे विरघळणारे अंश आणि अर्धवट जळालेल्या इंधनातून आलेली क्विनोनसारखी सेंद्रिय संयुगे मात्र इथे रासायनिक चक्र सुरू करतात. ती एका रेणूकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि ऑक्सिजनला देतात. त्यातून ऑक्सिजनची अत्यंत क्रियाशील रूपे तयार होतात. या चक्रात ती स्वतः संपत नाहीत, त्यामुळे तोच धातूचा अणू हे काम पुन्हा पुन्हा करत राहतो. संरक्षक द्रव्यांचा साठा आटला की पेशींना इजा होते, दाह सुरू होतो. हा दाह फुप्फुसापुरता राहत नाही. रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होतो, म्हणूनच कणांच्या प्रदूषणाने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

कणांच्या या गुणधर्माला ‘ऑक्सिडीकरण क्षमता’ म्हणतात. प्रयोगशाळेत ती मोजता येते. फिल्टरवरच्या कणांचा अर्क क जीवनसत्त्वाच्या किंवा डायथायोथ्रायटॉल या रसायनाच्या द्रावणात मिसळायचा आणि ते द्रावण किती वेगाने संपते हे पाहायचे. वेग जितका जास्त, तितका कण अधिक उपद्रवी. ही चाचणी म्हणजे शरीर नव्हे. पण नुसत्या वजनापेक्षा ती शरीरातल्या घडामोडींच्या कितीतरी जवळची आहे.

वजन एकाचे, अपाय दुसऱ्याचा

ही मोजणी मोठ्या प्रदेशावर केली तर काय दिसते? स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह युरोपच्या हवेचा असा अभ्यास केला. तो २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. कणांच्या वजनात मोठा वाटा खनिज धूळ आणि सल्फेट, नायट्रेटसारख्या दुय्यम अजैविक कणांचा होता. ऑक्सिडीकरण क्षमतेत मात्र घरे उबदार ठेवण्यासाठी जाळलेल्या लाकडाच्या धुरातून तयार झालेले सेंद्रिय कण आणि वाहनांच्या ब्रेक व टायर यांच्या झिजेतून आलेले धातू पुढे होते. वजनाच्या यादीतले पहिले क्रमांक आणि अपायाच्या यादीतले पहिले क्रमांक एक नव्हते.

भारतातला अशा प्रकारचा महत्त्वाचा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. आयआयटी जोधपूरच्या दीपिका भट्टू, आयआयटी कानपूरचे सच्चिदानंद त्रिपाठी आणि पॉल शेरर संस्थेतले सहकारी यांनी दिल्ली आणि गंगेच्या मैदानातल्या पीएम २.५ ची छाननी केली. दिल्लीत अमोनियम क्लोराइड, वाहनांचा धूर आणि घरगुती शेकोट्या-चुलींचा धूर यांचे प्राबल्य होते. दिल्लीबाहेर अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट आणि जैवइंधनाच्या धुरातून बनलेल्या सेंद्रिय कणांचे. ठिकाणागणिक घटक बदलत होते, पण ऑक्सिडीकरण क्षमतेचे मुख्य कारण सगळीकडे एकच निघाले: लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा आणि खनिज इंधने यांचे अर्धवट ज्वलन. इथल्या कणांची ऑक्सिडीकरण क्षमता चीन आणि युरोपातल्या शहरांच्या तुलनेत पाचपटीपर्यंत जास्त असल्याचेही या अभ्यासात नोंदवले आहे.

पैसा कुठे जातो

याचा अर्थ धोरणाच्या भाषेत काय होतो, हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाकडे पाहिले की कळते. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, चंद्रपूर आदींसह देशातली १३१ शहरे आहेत. सुरुवातीचे उद्दिष्ट २०१७ च्या तुलनेत कणांचे प्रदूषण २० ते ३० टक्के घटवण्याचे होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढवले गेले. शहरांची कामगिरी मात्र मुख्यतः पीएम १० च्या आकड्यावर जोखली जाते.

पीएम १० चे वजन कमी करायचे, तर सोपा रस्ता धुळीतून जातो. दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार या कार्यक्रमाचा ६४ टक्के निधी रस्त्यांची धूळ कमी करण्यावर गेला. रस्त्यांचे डांबरीकरण, खड्डे बुजवणे, यांत्रिक झाडू, पाण्याचे फवारे ही त्यातली कामे. जैवइंधन आणि कचरा जाळणे रोखण्यासाठी सुमारे १४.५ टक्के, वाहनांच्या धुरासाठी सुमारे १२.६ टक्के आणि उद्योगांच्या प्रदूषणासाठी १ टक्क्याहूनही कमी निधी वापरला गेला.

महापालिकांना यासाठी दोष देऊन भागणार नाही. ज्या आकड्यावर अनुदान ठरते, तो आकडा सुधारण्याकडे त्यांचा कल असणार. डिझेल ट्रकचा धूर, वीज केंद्राची चिमणी, घरातली चूल या गोष्टी महापालिकेच्या अखत्यारीत पूर्णपणे येतही नाहीत. झाडू आणि पाण्याचा टँकर येतो. पण त्यामुळे असे होऊ शकते की शहराच्या पीएम १० मध्ये चांगली घट दिसावी, अनुदान मिळावे आणि नागरिकांच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचणारा धूर जवळपास तितकाच राहावा.

गंधकाचे कोडे

आता जुलै २०२५ च्या अधिसूचनेकडे वळता येईल. वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये घालून देण्यात आली. तिच्या पालनाची पहिली मुदत २०१७ ची होती. ती वारंवार पुढे ढकलली गेली. नव्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय राजधानी परिसर किंवा दहा लाखांहून जास्त वस्तीची शहरे यांच्या १० किलोमीटर परिसरातल्या केंद्रांना एफजीडी बसवावीच लागेल. त्यासाठी डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. अतिप्रदूषित क्षेत्रे आणि हवेच्या मानकांत न बसणारी शहरे यांच्याजवळच्या केंद्रांबाबत प्रकरणनिहाय निर्णय होईल. उरलेल्या बहुसंख्य संचांना सूट आहे.

सूट देण्यामागची कारणे अशी: भारतीय कोळशात गंधक कमी असते, देशात बहुतेक ठिकाणी हवेतला सल्फर डायऑक्साइड मानकाच्या आत आहे, आणि यंत्रणेचा खर्च, लागणारा चुनखडी दगड व वीज यांचा बोजा मोठा आहे. पहिले कारण खरे आहे. खर्चाचा मुद्दाही खरा आहे. तो शेवटी वीजबिलात उतरतो. दुसऱ्या कारणात मात्र एक गोम आहे. सल्फर डायऑक्साइड हवेत वायू म्हणून फार काळ टिकत नाही. काही तासांपासून काही दिवसांत त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर होते आणि हे सल्फेटचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे वायूचा आकडा कमी दिसतो, यावरून गंधकाचा उपद्रव कमी, असा निष्कर्ष काढता येत नाही. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ किंवा परळीच्या चिमणीतून निघालेले गंधक दूरच्या जिल्ह्यात पीएम २.५ म्हणून मोजले जाऊ शकते.

यावर एक शास्त्रीय प्रतिवाद आहे आणि तो हलका नाही. प्रयोगशाळेत शुद्ध अमोनियम सल्फेट हुंगायला दिले, तर हवेत आढळणाऱ्या मात्रेत त्याचा फारसा अपाय दिसत नाही. त्याची ऑक्सिडीकरण क्षमताही नगण्य असते. मग सल्फेटची चिंता का करायची?

दोन पुरावे याच्या उलट बाजूला आहेत. पहिला लोकसंख्येच्या अभ्यासाचा. लुकास हेनेमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांच्या नोंदी आणि कोळशावरच्या वीज केंद्रांचे उत्सर्जन यांची सांगड घातली. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडमधून बनलेल्या पीएम २.५ शी निगडित मृत्यूचा धोका सर्व स्रोतांच्या पीएम २.५ पेक्षा दुपटीहून जास्त, २.१ पट, आढळला. १९९९ ते २०२० या काळात सुमारे ४ लाख ६० हजार मृत्यूंशी या कणांचा संबंध जोडला गेला. चिमण्यांवर गंधक रोखणारी यंत्रणा बसली आणि जुनी केंद्रे बंद झाली, तसे हे मृत्यू झपाट्याने घटले.

दुसरा पुरावा रसायनशास्त्राचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की सल्फेटमुळे कण तीव्र आम्लधर्मी होतात आणि ही आम्लता धुळीतल्या व राखेतल्या लोह, तांबे यांना विरघळवते. न विरघळणारा धातू फुप्फुसात बराचसा निष्क्रिय राहतो, विरघळलेला धातू उपद्रव करतो. म्हणजे सल्फेट स्वतः गुन्हेगार नसले तरी त्याला मोकळीक देणारा साथीदार ठरते. शुद्ध सल्फेट एकटे तपासणाऱ्या प्रयोगात हे दिसणार नाही.

अमेरिकेतला २.१ हा आकडा मात्र भारताला जसाच्या तसा लावणे चुकीचे होईल. उत्तर भारताच्या हवेत शेती आणि पशुधनातून येणारा अमोनिया भरपूर आहे. तो आम्लता बऱ्याच अंशी शमवतो. कोळशाची जात, राखेचे प्रमाण, हवामान सगळे वेगळे आहे. भारतीय सल्फेटचा अपाय त्याहून कमी असू शकतो किंवा इथल्या राखेतल्या धातूंमुळे वेगळ्या प्रकारचा असू शकतो. याचे उत्तर इथले कण तपासूनच मिळेल. वायूच्या आकड्यावर विसंबून सूट देताना नेमका हाच टप्पा ओलांडला जातो.

पावाची भट्टी

बेकरीचे प्रकरण उलट्या बाजूने पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या हवेतल्या कणांचे एकूण वजन केले तर बेकऱ्यांचा वाटा रस्ते आणि बांधकामे यांच्यापुढे लहान आहे. म्हणून ‘गरिबाच्या पावावर का उठलात’ हा बेकरीवाल्यांचा सवाल अनेकांना पटतो. पण घटकांच्या दृष्टीने पाहिले तर लाकडाची भट्टी नेमका तो धूर सोडते, जो ऑक्सिडीकरण क्षमतेच्या यादीत वर आहे. बेकरीत येणारे लाकूड बरेचदा जुन्या फर्निचरचे आणि पाडकामाचे भंगार असते, कारण ते स्वस्त पडते. त्याला रंग, व्हार्निश, सरस लागलेला असतो. त्यातून धातू आणि नको ती सेंद्रिय संयुगे धुरात येतात. शिवाय बेकरीची चिमणी बुटकी असते आणि चाळी, इमारतींच्या मधोमध असते. उंच चिमणीतून सुटलेला एक ग्रॅम धूर दूरवर पसरून विरळ होतो. गल्लीतल्या चिमणीचा एक ग्रॅम शेजाऱ्यांच्या आणि भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जास्त जातो.

त्यामुळे विज्ञानाच्या कसोटीवर भट्टी बदलण्याचा आग्रह योग्य ठरतो. प्रश्न उरतो तो न्यायाचा. ज्या बेकरीवाल्याच्या हातात रोजच्या पावाच्या विक्रीपलीकडे भांडवल नाही, त्याला सहा महिने मिळाले. वीज केंद्रांना दहा वर्षे मिळाली आणि नंतर बहुतेकांना सूट. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या यंत्रणांनी वेगवेगळ्या कारणांसाठी घेतले हे खरे. पण घातक धूर हटवायचा तर छोट्या व्यावसायिकाला नवी भट्टी घेण्यासाठी अनुदान आणि गॅसची जोडणी देणे, हा स्वच्छ हवेच्या निधीचा चांगला वापर ठरेल. रस्त्यावर पाणी मारण्याच्या खर्चाशी तुलना केली तर अधिकच.

धूळ निर्दोष नाही

या सगळ्याचा एक सोयीस्कर अर्थ काढला जाऊ शकतो. ‘आमच्या हवेत बरीचशी मातीच आहे, तेव्हा मर्यादा सैल करा’ असा. तो अर्थ चुकीचा आहे, आणि त्याची कारणे तीन आहेत.

एक, शहरातल्या रस्त्यावरची धूळ शेतातल्या मातीसारखी नसते. तिच्यात ब्रेकचे तांबे व अँटिमनी आणि टायरचे जस्त मिसळलेले असते. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकच्या झिजेतून उडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली, ती यामुळेच. दगडखाणी आणि बांधकामांवरच्या धुळीतली स्फटिकी सिलिका कामगारांना सिलिकोसिस करते. हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही.

दोन, अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने कणांच्या घटकांवर मोठा संशोधन प्रकल्प राबवला. २०१३ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालांचा निष्कर्ष सावध होता. काही घटक जास्त घातक असण्याची चिन्हे आहेत, पण कोणताही घटक निरुपद्रवी ठरवून बाजूला काढता येत नाही.

तीन, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ब्लॅक कार्बन, अतिसूक्ष्म कण आणि वाळूची वादळे यांच्यासाठी आकड्यांतली मर्यादा ठरवली नाही, कारण पुरावा तेवढा पक्का नव्हता. त्यांची मोजणी सुरू करा, उत्सर्जन घटवा, अशा शिफारशी मात्र केल्या. म्हणजे वजनाची मर्यादा हा पाया राहतो. घटकांची माहिती त्यावर उभी करायची असते. आधी काय हटवायचे, याचा क्रम ती ठरवते.

काय मोजायचे, काय करायचे

भारताच्या २००९ च्या मानकांत शिसे, आर्सेनिक, निकेल आणि बेंझोपायरीन यांचा समावेश आहेच. याचा अर्थ कणांत काय आहे याला महत्त्व असते, हे कायद्याने सोळाएक वर्षांपूर्वी मान्य केले. रोजच्या माहितीत आणि अनुदानाच्या निकषांत ते उतरलेले नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या हवाविषयक निर्देशात निवडक ‘सुपरसाइट’ केंद्रांवर ब्लॅक कार्बन, अतिसूक्ष्म कण आणि पीएम २.५ ची रासायनिक घडण मोजणे बंधनकारक केले आहे. ऑक्सिडीकरण क्षमता शिफारशीच्या यादीत आहे. प्रत्येक चौकात अशी यंत्रणा लागत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर अशा ठिकाणी एकेक केंद्र वर्षभर चालले, तरी कोणत्या ऋतूत कोणता धूर किती उपद्रव करतो, याचे चित्र हाती येईल. त्याबरोबर शहरांची कामगिरी पीएम १० ऐवजी पीएम २.५ वर जोखली, तर पैशाचा ओघ आपोआप धुराकडे वळेल.

सामान्य माणसासाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे. एक्यूआय ‘मध्यम’ दाखवत असला, तरी सोसायटीच्या मागे प्लास्टिकसह कचरा पेटला असेल, तर तिथली हवा त्या आकड्याने सांगितलेली हवा नव्हे. दिवाळीच्या रात्री फटाक्यांतून बेरियम, स्ट्रॉन्शियम, तांबे यांचे कण उडतात. २४ तासांच्या सरासरीत ती दोन-तीन तासांची तीव्रता झाकली जाते. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी आकड्याइतकेच धुराच्या वासाकडे लक्ष द्यावे. पालापाचोळा जाळण्याऐवजी त्याचे खत करणे, घरात पाणी तापवायला चूल किंवा बंब असेल तर तो बदलणे, ही कामे एकूण वजनात लहान दिसली तरी घरातल्या फुप्फुसांसाठी मोठी आहेत.

युटा खोऱ्यातला प्रश्न दशकभराने सुटला, कारण कोणीतरी जुने फिल्टर फेकून दिले नव्हते. आपल्याकडेही प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या केंद्रांवर असे फिल्टर वजन करण्यासाठी वापरले जातात. वजन झाल्यावर ते तारीख व ठिकाण लिहून थंड जागी जपून ठेवायला फार खर्च येत नाही. एफजीडीची सूट योग्य होती की नाही, बेकऱ्या बदलल्याने मुंबईच्या हवेत काय फरक पडला, याची उत्तरे पुढे कोणाला शोधायची असतील, तर ती त्या फिल्टरवर सापडतील.